तुपाचे तीन दिवस

जेवण झालं की यांच्या पोटात कळ उठायची. लूमच्या खात्यावर, कापडाच्या कारखान्यात, चालू मागापाशीच हे उकिडवे बसायचे. इतके वाळले होते की अंगावर कपडे ठरत नव्हते. घरात मी तेल-तूप बंदच केलं होतं.

सुरतेच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, पोटामागे एक ग्रंथी असते, तिच्या रसानं तूप-तेल पचतं. यांची सुजून सुजून सुकत चालली आहे. ती किती उरली ते कळलं तर औषध ठरेल. त्यासाठी तीन दिवस भरपूर तूप खायचं आणि न पचलेलं तूप मोजायला तीन दिवसांचं सगळं शौच झाकणाच्या डब्यात साठवून आणायचं. मी मान खाली घालून ऐकत होते.

"जरा पण फेंकता नहीं, बेन," ते म्हणाले.

ज्या तुपाला मी दारात उभं करत नव्हते, तेच वरणावर ओतायला लागले. चाळीतली शेजारीण डोकावली. "काय व, आखाजी लवकर आली का तुमची? रोज तुपाचा वास!"

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आम्ही खानदेशी लोक पितरांसाठी निखाऱ्यावर तुपाचा घास टाकतो. ती हसत गेली, मला मात्र ते बोलणं लागलं. हे घास गिळायचे, मग भिंतीकडे तोंड करून कण्हत पाय पोटाशी घ्यायचे.

शेवटच्या दिवशी मी नळावरून आले, तर डबा उन्हात पालथा. घरात देव आहेत, सुनेला किळस येत असेल, असं वाटून सासूबाईंनी तो रिकामा करून राखेनं लख्ख घासला होता.

"हाई काय करं व माय?" हे एवढंच म्हणाले. चूक कळली तशा त्या राखेचे हात पदराला पुसत राहिल्या.

"राहू द्या ती तपासणी," मी म्हटलं.

"वाढ," हे म्हणाले. "पुन्हा पहिल्यापासून."

ग्रंथी जवळजवळ संपलेली निघाली. जेवणाबरोबर घ्यायच्या गोळ्या मिळाल्या. थोडं मांस चढलं, काही वर्षं मिळाली.

आता आखाजीला मी यांच्या नावानं घास टाकते. निखाऱ्यावर तूप चरचरतं, धूर भिंतीकडे वळतो, आणि माझा हात आखडतो.

"घाल व माय," सासूबाई मागून म्हणतात, "आता कुठं त्याचं पोट दुखणार?"

मी थेंबभरच घालते. मग भिंतीकडे कान देऊन बसते.