डावा कान

आमचा भाग मुंबई राज्यात गेला आणि कचेरीतलं लिहिणं मराठीत सुरू झालं. माझं शिक्षण सगळं निजामी अमलात, उर्दूतून. बायको बार्शीची, मराठी सातवी पास. संध्याकाळी मी मसुदे घरी आणायचो, ती ते सुधारून द्यायची. त्याचं मला कधी काही वाटलं नाही. पण शेजारच्या खोलीत एक गुरुजी राहायला आले.

एकदा ते साखर मागायला आले आणि माझा मसुदा उचलून वाचू लागले. "वहिनी, साहेबांची मराठी अजून शेरवानी घालून फिरतेय की!"

"आज टोपी तेवढी उतरवलीय," ती म्हणाली. दोघं हसली. मीही हसलो.

माझ्यापाशी ती असं कधी हसली नव्हती. गुरुजी गेल्यावर मी दार लावलं आणि तिच्या डाव्या कानावर जोरात मारलं. ती पहिली वेळ नव्हती. दोन दिवस कानातून रक्त येत होतं. शेजारणीला तिनं सांगितलं, आडाच्या रहाटाचा दांडा लागला.

पुढं गुरुजींची बदली झाली. कान मात्र गेला तो गेलाच. आत सारखी शिट्टी वाजते म्हणायची. उठताना भिंत धरायची. डोकं फार दुखलं की कपाळाला फडकं आवळून भाकरी थापायची. फळीवरचा डबा काढायला मी हात वर केला, तरी तिचे खांदे आक्रसायचे.

ऐकू येईना म्हणून ती बोलणाऱ्याकडं उजवा कान करून वाकायची. पोस्टमन असो, भाजीवाला असो, माझा सख्खा भाऊ असो. ते वाकणं मला बघवायचं नाही. कान मीच घालवला होता, आणि त्यामुळं ती कुणाजवळ झुकली की जळायचो मीच. त्यावरूनही मी तिला मारलं आहे.

काही वर्षांनी चक्कर फारच वाढली, तेव्हा बार्शीला डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर तरुण होता. ती त्याच्याकडं वाकली आणि एवढ्या आजारातही मी त्या दोघांमधलं अंतर बघत बसलो.

"पडदा फाटलाय. जुनं आहे हे. कशानं झालं, बाई?"

"रहाट लागला."

"कानाला?" डॉक्टरनं माझ्याकडं पाहिलं. मला एकच वाक्य बोलायचं होतं. मी फी किती झाली ते विचारलं.

परतताना एसटीत ती खिडकीशी बसली. मी मुद्दाम तिच्या डाव्या अंगाला बसलो. बऱ्याच वेळानं तिच्या त्या कानाशी तोंड नेऊन म्हणालो, "रहाट नव्हता. मी मारलं होतं."

तिनं मान वळवून उजवा कान माझ्यापुढं केला. "काय म्हणालात?"

इतक्या वर्षांत ती माझ्याकडं अशी वाकली नव्हती.

"येडशी आली म्हणलं."

तिनं कान तसाच माझ्यापुढं ठेवला.

"येडशी कवाच मागं गेली," ती म्हणाली आणि खिडकीकडं वळली.