संकष्टीला द्राक्षमळ्यावर

१४ जून, शनिवार. पहाटे उठून डबाभर साबुदाण्याची खिचडी केली. नेदरलँड्सच्या दक्षिण टोकाला, लिम्बर्गमधले जुने मठ आणि द्राक्षमळे बघायची आमच्या नीउ-व्हेनेप गावातल्या मराठी लोकांची सहल कधीची ठरली होती, पण तारीख ठरवताना पंचांग कुणी उघडलं नाही. नेमकी संकष्टी आली. त्यात इथे जूनमध्ये संकष्टीचा चंद्र मध्यरात्र उलटल्यावर उगवतो. म्हणजे वाइन चाखायला निघालेली अर्धी बस उपाशी.

नवऱ्याची नोकरी एप्रिलमध्ये गेली होती. इथे राहायच्या परवान्याच्या नियमाने दुसरी शोधायला तीन महिने मिळतात, नाहीतर परत जायचं; ते संपत आले होते. एरवी देवाला हात न जोडणारा माणूस तेव्हापासून संकष्टी करू लागला. सहलीला मात्र आम्ही एकाच कारणासाठी आलो. पुण्यात त्याच्या हाताखाली शिकलेला एक मुलगा आता युट्रेख्टमध्ये साहेब झाला होता आणि त्याच्या टीममध्ये जागा होती. मेलला उत्तर देत नव्हता, पण बसमध्ये पुढेच बसला होता.

मठात बोलणं झालं नाही. शांतता पाळा अशी पाटी होती आणि आमच्या लोकांनीही ती चक्क पाळली.

मळ्यावर उपासवाले बाहेर बाकांवर डबे उघडून बसले. साहेब बाकीच्यांबरोबर आत गेला. नवरा खिचडी चिवडत राहिला.

"अरे, आत जा," मी म्हटलं. "गणपतीला काय सांगायचं ते मी सांगते."

तो गेला, मागोमाग मीही. त्याने पेला उचलून एक घोट घेतला.

साहेब हसला. "सर, मोडली का संकष्टी?"

नवऱ्याने सरळ जागेचं विचारलं.

"ती गेली, सर. अख्खी टीमच पुण्याला हलवली. तुम्ही तिथे असतात तर सोमवारी घेतलं असतं."

"जुलैत तिथेच असेन."

साहेब पेल्यात बघत राहिला. "तिकडे नवी पोरं घेतात, सर. तुमच्या अनुभवाची माणसं त्यांना महाग पडतात."

नवऱ्याने उरलेली वाइन संपवली आणि चांगली आहे म्हणाला. परतताना अंताक्षरी झाली. त्याच्यावर 'म' आला तेव्हा त्याने गाणंही म्हटलं. घरी मुलीने इंग्रजीत विचारलं, कशी झाली ट्रिप. मी म्हटलं, तिकडे टेकड्या आहेत. चंद्रासाठी कुणी जागं राहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नवऱ्याची स्टेशनपर्यंत जायची सायकल धुतली, चेन पुसली, फोटो काढले आणि विकायला टाकली. मुलीच्या शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागेपर्यंत तिची ठेवली.