हरलेल्यानं जेवायला जायचं

दादा गेल्याचा फोन सकाळी आला. मी अकोल्याला माझ्या स्वयंपाकघरात कणीक मळत होते. अमरावतीहून दादाचे शेजारी काळेकाका बोलत होते. झोपेतच गेला म्हणाले, कुणाला हाकसुद्धा मारली नाही. मी पिठाच्या हातानंच पाटावर बसले आणि माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, "बरं झालं, तेवढं जेवण होऊन गेलं." सून माझ्याकडे बघतच राहिली. सासूबाईंचं डोकं फिरलं की काय, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. रडू नंतर आलं, पुष्कळ आलं. पण आधी आला तो सुटकेचा श्वास, आणि आज काही आठवड्यांनंतर लिहायला बसले आहे तीही तो श्वास कुठून आला ते सांगायलाच.

यशवंतदादा माझा थोरला भाऊ. अमरावतीच्या एका कॉलेजात त्यानं आयुष्यभर राज्यशास्त्र शिकवलं, आणि त्यातही अमेरिकेचं राजकारण म्हणजे त्याचा जीव की प्राण. स्वतः कधी विमानात बसला नाही, पण तिथल्या राज्याराज्यांच्या भानगडी त्याला आमच्या भाऊबंदकीपेक्षा जास्त पाठ होत्या. आम्ही मूळचे वलगावचे. तिथल्या चहाच्या हॉटेलात आमच्या वस्तीतल्या माणसांचे कप बाहेर वळचणीला वेगळे ठेवलेले असत. आपला आपण घ्यायचा, प्यायचा, धुऊन परत ठेवायचा. कॉलेजात गेल्यावर दादानं वाचलं की तिकडे अमेरिकेत काळ्या पोरांनी हॉटेलात जाऊन नुसतं बसून राहायचा सत्याग्रह केला होता. त्यांना कुणी वाढत नव्हतं, अंगावर काहीबाही ओतत होते, तरी ती पोरं उठली नाहीत. सुट्टीत घरी आला तेव्हा तो आईला म्हणाला, "आई, तिकडंही आपलेच लोक हायेत वं." आईला काय कळलं कोण जाणे, पण तिनं त्या पोरांची चौकशी केली. जेवले का मंग ते, असं विचारलं तिनं.

त्याच्या गल्लीत दर चार वर्षांनी अमेरिकेची निवडणूक व्हायची. खोटं नाही सांगत. गच्चीवर मतपेटी म्हणून माठ ठेवलेला, एका पक्षाला ज्वारीचा दाणा, दुसऱ्याला तुरीचा. घरं म्हणजे राज्यं. कोपऱ्यावरचं एवढंसं घर धारणी, त्याच्या पलीकडचं परतवाडा, मधली मोठी बिल्डिंग अमरावती. "धारणीलेही वरच्या सभेत दोन खुर्च्या आन् अमरावतीलेही दोनच," असं त्यानं सांगितलं की अमरावतीवाले हमखास भांडायला उठत. "मंग, हेच तर शिकवून राहिलो न मी!" म्हणत दादा खूष व्हायचा. ज्वारीचा पुढारी दादा, तुरीचे पुढारी काळेकाका. आणि या सगळ्या खेळाचा शेवटचा नियम दादानं घालून दिला होता. हरलेल्या पुढाऱ्यानं जिंकलेल्याच्या घरी आपणहून जेवायला जायचं. बोलावण्याची वाट बघायची नाही, तोंड पाडायचं नाही, आणि भाजीला नावं ठेवायची नाहीत. तो म्हणायचा, "मत तं कोनीबी टाकते. हारल्यावर जेवाले येते, त्याले लोकशाही समजली." पुढे तिकडच्या राजकारणात हरल्यावरही हरलो नाही म्हणणारी माणसं निघाली, तेव्हा हा नियम मोडल्याचं दुःख दादाला घरच्यासारखं झालं.

त्याचा एकुलता मुलगा मिलिंद तिकडचा नागरिक आहे. मागच्या निवडणुकीनंतर त्यानं फोनवर सहज सांगून टाकलं की आपण त्या नेत्याला मत दिलं. तोच तो, ज्याच्या भाषणांवर दादा टीव्हीसमोर बसून डाफरत असे. दादानं फोन ठेवला, आणि मग उचललाच नाही. आठवडे गेले, महिने गेले. वहिनी जाऊन बरीच वर्षं झाली होती, त्यामुळे मध्ये पडणारं माणूस म्हणजे मीच. मिलिंद मला फोन करायचा, "आत्या, बाबाले सांग न..." आणि दादाला सांगितलं की तो म्हणायचा, "त्या मानसानं गर्दीच्या तोंडात राग देल्ला आन् पंगतीत मांडीले मांडी लावून शेटजी बसवले. गावातली कापसाची जिन ज्याची, सरपंच त्याचाच! हे मी पोराले लहानपनापासून शिकवलं. वायाच गेलं." तेवढ्यात डॉक्टरांनी दादाचं हृदय थकल्याचं सांगितलं. आता मला धास्ती एकच, की हे दोघं न बोलताच राहणार. बाप जाणार, आणि पोरगा जन्मभर ते ओझं वाहणार. माझी झोप उडाली होती.

मिलिंद सुट्टी काढून आला, पण अमरावतीला जायची त्याची छाती होईना. तो सरळ माझ्याकडे अकोल्याला उतरला. मी दादाला फोन लावला. म्हटलं, दादा, तुझा पक्ष हरला ना? हो म्हणाला. मग जिंकलेला माझ्या घरी उतरलाय, इथं जेवायला ये. "तो नियम गल्लीचा हाये," दादा गुरगुरला. माझंही डोकं फिरलं. म्हटलं, "हारून हार मानत नाही त्यायले तू शिव्या देतं. मंग तू काय करून राहिला?" फोन कटला असं वाटलं. मग हळूच आवाज आला, "मूर्तिजापूरवरून येनारी बस किती वाजता पोचते वं?"

तो आला तेव्हा मिलिंद चुलीशी... म्हणजे गॅसशीच, पण तोंड चुलीसमोर बसल्यासारखं लाल झालेलं. पातोडीची भाजी स्वतः करायचा हट्ट धरून बसला होता. यजमान तो ना! बेसनाच्या वड्या काही फुटल्या, काही रश्श्यात विरघळल्या. दादानं पहिला घास घेतला. भाजीला नावं ठेवायची नाहीत हा त्याचाच नियम, त्यामुळे बिचारा नुसता पाणी प्यायला. मग सुरू झालं. मिलिंद म्हणाला, माझ्या गावातला कारखाना बंद पडला, शेजारचा गोरा माणूस घरी बसला. "शिकलेले लोक त्यायले अडानी म्हनते बाबा. आपल्याले म्हनत होते न, तसंच. त्यायच्याशी कोनी बोललंच नाही. तो नेता एकटा बोलला." दादाचा हात ताटात थांबला. या बाजूनं त्यानं विचार केला नव्हता, ते दिसत होतं. तो म्हणाला, "राग खरा हाये त्यायचा. मी नाही म्हनत नाही. पन इलाज म्हनून त्यानं त्यायले बोट कोनाकडं दाखवलं? शेटजीकडं? नाही. काळ्यायकडं, बाहेरून आलेल्यायकडं. तुयाकडं, बेटा. आन् तुले ज्या दारातून आत घेतलं, ते दार त्या हाटेलात बसून राहिलेल्या काळ्या पोरायनं मार खाऊन उघडलं."

मिलिंदनं भाकरीचा तुकडा मोडला. मग खाली बघूनच म्हणाला, "पेट्रोलपंपावर एकानं मले म्हटलं, आपल्या देशात जा. पोरगी गाडीत होती."

मी दादाकडे बघितलं. पाहिलंस, मी काय म्हणत होतो, असं आता तो म्हणणार. वादात जिंकायची ही संधी त्यानं आयुष्यात कधी सोडली नव्हती. पण माझा भाऊ ताटावरून उठला, उष्टा हात तसाच, दुसरा हात पोराच्या पाठीवर ठेवला आणि विचारलं, "कोन होता तो? पोरगी भ्याली काय?" त्यानंतर त्या दोघांना मी काही ऐकू आले नसते, म्हणून मी आत गेले आणि भांडी घासत बसले, घासलेलीच.

नंतर मी दादाला विचारलं, पोराचं मत बदललं का रे? तो हसून म्हणाला, "नाही. मायंही नाही." मिलिंद परत गेला आणि रोजचे फोन सुरू झाले. काळेकाका सांगत होते, भिंतीपलीकडून नुसतं भांडणच ऐकू यायचं, आणि दादाची तब्येत त्या दिवसांत उलट खुलली होती. अशा भांडणाच्या एका दिवसानंतर तो झोपला तो उठला नाही. यापेक्षा चांगलं मरण मी तरी त्याच्यासाठी मागितलं नसतं.

अमरावतीला दादाच्या घरी पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला बुद्धवंदना झाली, लोक चार चांगले शब्द बोलले. मग अमेरिकेहून धावत आलेला मिलिंद उभा राहिला. म्हणाला, "बाबांचं आणि माझं शेवटपर्यंत पटलं नाही." मंडपात चुळबुळ झाली. "आणि शेवटपर्यंत आम्ही रोज बोललो." एवढंच बोलून तो खाली बसला. माझ्या छातीवरचा दगड तेव्हा खऱ्या अर्थानं उतरला.

दुसऱ्या दिवशी पाहुणे पांगले. मी ओट्यावर चहाचं आधण ठेवलं होतं आणि दादाच्या खोलीतून टीव्हीचा आवाज येत होता. अमेरिकेच्या बातम्या चालू होत्या. एकदम मिलिंद जोरात म्हणाला, "तसं नाहीये, बाबा!" मी दारात जाऊन उभी राहिले. खोलीत तो एकटाच होता. मला बघून तो ओशाळला, हसला, आणि मग त्याला हसू आवरेना की रडू, ते मलाही कळेना... मी गॅस बंद करून आले. त्याच्या शेजारची खुर्ची ओढून बसले आणि म्हटलं, "मंग कसं हाये? सांग मले."