कबरीवरचं कुंकू

साठी उलटली तरी माझा बावळटपणा सरला नव्हता. सिंगापूरला लेकाकडे असताना बागेत फुलं वाहिलेला जुना दगड दिसला आणि मी देव समजून त्याला कुंकू फासलं. ती निघाली कबर. फुलं वाहणारा म्हातारा मागेच उभा होता.

“माझी पणजी आहे ती,” तो म्हणाला. पणजोबा पलटणीतले पाद्री. त्यांची हकिकत घरात सगळ्यांना पाठ, पणजीचं नाव मात्र कुणाला ठाऊक नव्हतं. म्हणून तो रोज येऊन झिजलेल्या अक्षरांवरून बोटं फिरवी. “वाचल्याशिवाय मरणार नाही, लाह,” तिथल्या बोलीतलं शेपूट जोडत तो म्हणाला.

ओशाळून मी पदरानं कुंकू पुसलं. खाचांतलं तेवढं राहिलं आणि लाल अक्षरं उमटली. त्यानं ती एकेक करून मोठ्यानं वाचली आणि पणजीचं नाव जुळलं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, “आंटी, इतकी वर्षं आम्ही हिला नुसती पाद्रींची बायको म्हणत होतो.”