मले गाडी पायजे

बाबा गेल्यावर भावांनी अमरावतीचं दुकान आणि मागची जागा वाटून घेतली आणि मग मला विचारलं, "तुले काय पायजे?" त्यांना वाटलं, साडी म्हणेन, फार तर आईची पाटली. मी म्हटलं, "मले गाडी पायजे." गाडी म्हणजे बाबांच्या व्हिडिओ गेमच्या दुकानातलं कार रेसिंगचं जुनं मशीन. बसायला सीट, हातात खरंखुरं स्टिअरिंग, पायाशी ब्रेक आणि एक्सिलेटर, समोर जाड काचेचा टीव्ही. भाऊ हसले. हसा म्हटलं, हसायला काय जातंय! टेम्पोत घालून, स्वतः ड्रायव्हरशेजारी बसून, मूर्तिजापूरच्या रस्त्यानं मी ते अकोल्याला सासरी आणलं.

आमच्या आइस्क्रीमच्या दुकानात पुढच्या कोपऱ्यात ते उभं राहिलं आणि दणक्यात चाललं. माझ्या भासऱ्यांच्या, म्हणजे थोरल्या दिरांच्या, डोळ्यांत मात्र तो कोपरा खुपायचा. त्यांना तिथं मोबाइलच्या कव्हरवाल्याला भाड्यानं बसवायचं होतं. भासरे माझ्याशी थेट कधी बोलायचे नाहीत. मी समोर उभी असले तरी नवऱ्याकडे बघून म्हणायचे, "तिले सांग." चहा हवा असला तरी "तिले सांग." मी मेले तरी म्हणतील, "तिले सांग, तिरडी तयार हाय."

दिवाळीच्या सुमारास गाडी बिघडली. एक्सिलेटर तळापर्यंत दाबला तरी ती रस्त्यावर रांगायची, मध्येच आचके द्यायची, आणि पहिला टप्पा यायच्या आत वेळ संपायची. गिऱ्हाईक पैसे परत मागायला लागलं. भासऱ्यांनी ओळखीचा मेकॅनिक आणला. त्यानं मागचं झाकण काढलं, आत बघितलं न बघितल्यासारखं केलं आणि म्हणाला, आतला सर्किट बोर्ड गेला, आता असा बोर्ड कुठंच मिळत नाही. भासरे लगेच नवऱ्याला म्हणाले, "तिले सांग, रविवारी भंगारवाला येईन."

नवरा मान खाली घालून मला सांगायला लागला. "मले ऐकू येते," मी म्हटलं. असा संताप आला म्हणून सांगू! बापाच्या घरून मला मिळालेली ही एकच वस्तू, आणि ती किलोच्या भावानं जाणार? हट्! मी जिवंत असताना तर नाही.

शनिवारी दुपारी शटर अर्धं ओढलं आणि पदर खोचला. लहानपणापासून बाबांच्या शेजारी पेचकस धरून बसलेय मी. बाबा म्हणायचे, बोर्डाला शिव्या देण्याआधी बाकीचं तपास. नाणं पडतं त्या दाराआड एक बारीक बटण असतं. ते दाबलं की पडद्यावर स्टिअरिंगचा, एक्सिलेटरचा आणि ब्रेकचा आकडा दिसतो. स्टिअरिंग फिरवलं, आकडा मुकाट्यानं फिरला. ब्रेक दाबला, आकडा सरसर वर गेला. एक्सिलेटर दाबला, तर आकडा थरथरत अर्ध्यावर जाऊन अडकला. मग मी दोन्ही पेडलांच्या वायरी एकमेकांच्या जागी लावल्या. बोर्ड गेला असता तर एक्सिलेटरचा आकडा तरीही अडकला असता. पण आता ब्रेकवर पाय दिला तर तोच आकडा झकास पळाला. बोर्ड ठणठणीत होता! दुखणं खाली पेडलातच होतं. "अरे बाप्पा!" मी एकटीच ओरडले.

पेडलाची पेटी खोलली. रेडिओचा आवाज कमीजास्त करायला असतो तसा एक कंट्रोल आत असतो, पेडल दाबलं की तो फिरतो. त्याच्यावर हिरवा गंज चढला होता. आणि पेडलाच्या खाली काहीतरी काळं, चपटं चिकटून बसलं होतं. पेचकसानं खरवडून काढलं, वास घेतला. लिंबू!

तेव्हा दसरा आठवला. भासऱ्यांनी जीपची पूजा केली, स्कूटरची केली, चाकाखाली लिंबं ठेवून चिरडली, आणि त्याच जोरात दुकानात शिरले. "हे बी गाडीच हाय ना बे?" हिची चाकं पडद्यात, म्हणून लिंबू एक्सिलेटरखाली ठेवलं आणि बुटासकट पाय दिला. सगळे खो खो हसले. तो सगळा रस आत उतरला होता आणि कंट्रोल खाऊन बसला होता.

गंजलेला कंट्रोल काढला आणि तो घेऊन तशीच उठून बाजारात गेले. दुकानदार म्हणतो, "बाई, घरच्या माणसाले पाठवा, तुमाले समजणार नाई." मी म्हटलं, "मीच घरचं माणूस आहो. हा घ्या नमुना, अन् असाच द्या." नवा कंट्रोल बसवला, वायरी परत आपापल्या जागी झाळल्या, पेडल घासूनपुसून लख्ख केलं.

रविवारी भासरे भंगारवाल्याला घेऊन हजर. "तिले सांग, बाजूले हो म्हणा."

मी ते वाळकं लिंबू त्यांच्या हातावर ठेवलं. "हे तुमचं, दसऱ्याचं. बोर्ड नाई गेला, हे गेलं होतं आत."

भंगारवाला खुदकन हसला. भासरे कानापर्यंत लाल झाले. "तिले सांग..."

"मी इथंच आहो, दादा. मले सांगा. अन् आधी गाडीत बसा. चालली नाई तर आत्ताच्या आत्ता घेऊन जा."

त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. नवरा फ्रीजरमध्ये डोकं घालून कुल्फ्या लावत होता. भासरे बसले. मी नाणं टाकलं. त्यांनी रागानं एक्सिलेटरवर पाय दिला आणि पडद्यावर गाडी अशी सुटली की ते दचकून सीटमध्ये मागं आदळले. पहिला टप्पा मागं पडला, दुसरा पडला. पुढं मोठं वळण आलं, तशी स्टिअरिंग घट्ट धरून भासरे ओरडले, "अवं, याचा ब्रेक कोणता?"

नवऱ्याला नाही. मला.

"डावा," मी म्हटलं. "पण दाबू नका. पळू द्या माही गाडी."