नऊ घरांचा एक बस्सू

बस्सू आयत अद्दीला सरकारी नोकरी लागली तेव्हा तो एकावन्न वर्षांचा होता, आणि ती लागावी म्हणून त्याने काडीचीही खटपट केली नव्हती. फोटो बरा आला, एवढंच.

त्याआधीची तीस वर्षं तो खेचर हाकत होता. आपल्या डोंगरातल्या तिझगात गावाच्या घळीतून वर धबधब्यापर्यंत पाहुण्यांना न्यायचं, आणायचं, मधे बदामाच्या झाडाखाली चहा पाजायचा. बायको इत्तो म्हणायची, खेचर आणि नवरा यांत जास्त बोलकं खेचर आहे. मग सरकारच्या मनात आलं की या भागाचं पर्यटन वाढवावं. घळीच्या तोंडाशी मातीच्या रंगाचं सिमेंटचं स्वागत केंद्र उभं राहिलं. रस्त्याला आडवा दांडा आला. अमुक इतके रोजगार निर्माण होणार, असा आकडा एका भल्यामोठ्या फलकावर झळकला. त्यातला तिझगातच्या वाट्याला एक आला, दांड्यावरच्या रखवालदाराचा. हिरवं जाकीट, टोपी, गळ्यात फोटोचं कार्ड आणि महिन्याला पगार.

गावात घरं नऊ. दुसऱ्या एखाद्या गावात डोकी फुटली असती. तिझगातला चहाची एक किटली पुरली.

"पाटाला पाणी एकच आहे ना?" पाटकरी हद्दूबाबा म्हणाला. चाळीस वर्षं पाण्याच्या पाळ्या तोच लावत आलेला. "नऊ घरांत फिरतंय ना? मग नोकरीला काय शिंगं आहेत? एकेक आठवडा एकेका घराचा. पगार पाण्यासारखाच वाटायचा."

अर्जावर मात्र नाव एकच लागत होतं. नऊ जणांनी तालुक्याला जाऊन फोटो काढले. एकाचे डोळे मिटलेले, एकाची दाढी पार कार्डाबाहेर. बस्सूचा शेजारी यिदीर फोटोत खदखदून हसत होता, आणि हसणारा माणूस सरकारला चालत नाही, असं फोटोवाल्याने बजावलं. बस्सू जन्मजात गंभीर. त्याचं नाव लागलं.

वर्षभर कारभार झकास चालला. जाकीट बस्सूच्या मापाचं, म्हणजे ऐसपैस. बुटक्या यिदीरच्या ते गुडघ्यांपर्यंत यायचं. या सोमवारी रखवालदाराला मिशा, पुढच्या सोमवारी नाहीत. एकाही पाहुण्याला त्यात काही वावगं दिसलं नाही. दांडा उचलणाऱ्याच्या तोंडाकडे बघतो कोण?

मग प्रांताच्या गावाहून तपासणीसाहेब आले. आठवडा यिदीरचा होता.

"बस्सू आयत अद्दी तूच का?" साहेबांनी कार्डाकडे बघत विचारलं.

"या आठवड्यात मीच, सिदी," यिदीर अदबीने म्हणाला. "पुढच्या सोमवारी याल तर झाईद भेटेल. त्याला फ्रेंचही जरा बरं येतं."

त्यात लपवण्यासारखं काही आहे, हे त्याच्या गावीही नव्हतं.

बस्सूला शेतातून बोलावून आणलं. साहेब माणूस वाईट नव्हता, घामाघूम मात्र झाला होता. "हे बघ," तो म्हणाला, "मला अहवालात एक नोकरी म्हणजे एक माणूस दाखवायचाय. माणसाचा नववा हिस्सा लिहायला रकानाच नाही. तू मुद्दाम जाकीट दिलंस असं म्हणशील, तर ही जागा रद्द. शहरातल्या कंपनीचा माणूस येईल. या माणसाने ते तुला न विचारता उचललं असं म्हणशील, तर तू राहशील. काय ते लिहून दे."

बस्सूने हद्दूबाबाकडे पाहिलं.

"दे लिहून," हद्दूबाबा म्हणाला. "कागद त्यांचा, पाळी आपली."

"लिही रे दादा," यिदीर हसत होता. "माझ्या बापाचं काय जातंय? इतकं मोठं जाकीट चोरणारा मी पहिलाच असेन."

साहेबांनी मजकूर अरबीत लिहिला, बस्सूने सही केली, आणि सगळ्यांनी मिळून साहेबांना लोणी-भाकरी खाऊ घातली.

पंधरा दिवसांनी दांड्याशेजारी अंगठ्याचं यंत्र आणि वर खांबावर कॅमेरा बसला. सकाळी अंगठा, संध्याकाळी अंगठा. जाकीट नऊ जणांना चढत होतं, अंगठा चढेना. बस्सू रोज उभा राहू लागला. खेचराकडे बघायला वेळ उरेना, तेव्हा त्याने ते बाजारात विकलं.

पगार तरीही नऊ घरांत जात होता. तीन महिने गेला. चौथ्या महिन्यात इत्तो भांडी घासता घासता म्हणाली, "पाय तुझे सुजतात, शेक मी देते आणि औषध नऊ घरं पितात. छान आहे." त्या महिन्यात बस्सूने पगारातून आपलं छप्पर दुरुस्त केलं. पुढच्या महिन्यात तरी वाटणी करू, असं तो ठरवून झोपला, आणि पुढच्या महिन्यात घरात पाण्याचा नळ आला. हद्दूबाबा एकदा दांड्यापाशी येऊन जरा वेळ उभा राहिला, काही न विचारता परत गेला. विचारलं असतं तर बस्सूने उत्तर तयार ठेवलं होतं. पाटात पाणी आपोआप येतं, इथे मी उन्हात उभा असतो. उत्तर चांगलं होतं. द्यायला मिळालं नाही म्हणून ते त्याला फार दिवस टोचत राहिलं.

पुढच्या वसंतात सरकारने खेचरवाल्यांना परवाने द्यायचं काढलं. बिल्ला असेल त्याचंच खेचर दांड्यापलीकडे जाईल. सात जणांना बिल्ले मिळाले, यिदीरला नाही. नोंदीत निघालं, सरकारी वस्तूची चोरी.

तो बस्सूच्या दारात आला तेव्हा हसत नव्हता. इत्तोने चहा ठेवला. तो प्यायला नाही.

"एक ओळ लिहून दे, दादा. जाकीट मी दिलं होतं, एवढंच."

"मग माझं काय?"

"तुझं तू बघ. माझ्याकडे खेचर आहे आणि वरची वाट बंद आहे."

"माझ्याकडे वाट आहे आणि खेचर नाही," बस्सू म्हणाला. गंमत करायला गेला, ती कुणालाच वाटली नाही.

"तूच म्हणालास लिही म्हणून," बस्सू मग हळूच म्हणाला.

"म्हणालो. नऊ घरांसाठी म्हणालो."

"बघू."

"कधी बघशील?"

"साहेब आले की बोलतो."

साहेब दोनदा येऊन गेले. दोन्ही वेळेला बस्सूने दांडा उचलला, सलाम केला, टोपी सरळ केली. दुसऱ्या वेळेला तोंड उघडलंही होतं. "काही अडचण?" साहेबांनी विचारलं. "नाही सिदी, सावलीला एखादं पत्र्याचं छप्पर मिळालं तर," बस्सू म्हणाला. छप्पर मंजूर झालं.

गुलाबांच्या दिवसांत एका सकाळी यिदीर खेचर घेऊन सरळ दांड्यापाशी आला. खेचरावर कासाब्लांकाची एक बाई, शेजारी कॅमेरा घेतलेला नवरा. पाहुण्यांसमोर बस्सू अडवणार नाही, अशी अटकळ त्याने मनाशी बांधलेली असावी. बस्सू पत्र्याखालून उठला.

"बिल्ला?"

"दादा, काय विचारतोस. तुला ठाऊक आहे."

"मला ठाऊक असून काय होतंय. वरून कॅमेरा बघतोय."

यिदीरने खांबावरच्या कॅमेऱ्याकडे पाहिलं, मग बस्सूकडे. मग त्याने बाईला हात देऊन उतरवलं, तिची पिशवी मागून आलेल्या झाईदच्या खेचरावर नीट बांधली, पट्टा दोनदा ओढून पाहिला आणि आपलं खेचर वळवून उताराला लागला. झाईद जमिनीकडे बघत होता.

"बिचारा चांगला बोलत होता वाटेत," कॅमेऱ्यावाला म्हणाला. "त्याला का सोडलं नाहीत?"

सांगण्यासारखं पुष्कळ होतं. बस्सूने कपाळाचा घाम पुसला.

"चोरीची नोंद आहे त्याच्या नावावर," तो म्हणाला, आणि दांडा उचलला.