अप्पांची दुपारची फेरी

सोलापुरात एप्रिलच्या भर दुपारी दुसऱ्याच्या डोक्यावरचा पंखा बंद करून वर त्याच्याकडूनच नमस्कार वसूल करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि ते माझ्या नणंदेचे सासरे निघावेत हे माझं नशीब. आम्ही सगळे त्यांना अप्पा म्हणतो. कापडाचं दुकान मुलाच्या हवाली करून ते मोकळे झाले आणि उरलेल्या आयुष्याला उद्योग म्हणून त्यांनी बटणं बंद करण्याचं काम निवडलं. त्यांचा लाडका शब्द 'साकु'. घरात कानडी आणि बाजारात मराठी बोलणाऱ्या घराण्यातला हा शब्द, अर्थ 'पुरे'. चहा साकु, भाजी साकु, आणि पंखा तर सुरू व्हायच्या आधीच साकु. फ्रिजचं दार उघडं ठेवून विचार करत उभं राहिलेलं त्यांना चालत नाही. माझी नणंद आधी काय काय काढायचं ते मनाशी ठरवते, मग दार उघडते आणि चोरी केल्यासारखं पटकन लावते. जुळे सोलापूर भागातल्या त्यांच्या इमारतीला लिफ्ट आहे. अप्पा उतरताना जिन्यानं उतरतात आणि चढताना दुसरं कुणी येईपर्यंत खाली उभे राहतात. "एकट्यासाठी कशाला तरास द्यायचा तिला?" असं त्यांचं म्हणणं. एका लग्नात जेवणाचा हॉल रिकामा झाला असं समजून त्यांनी सगळे दिवे घालवले. आत वाढपी जेवायला बसले होते. अंधारातून "कोण हाय रे त्यो?" असा आवाज आल्यावर अप्पांनी दिवे लावले, आत एक नजर टाकली आणि "चौघांसाठी झुंबर कशाला?" म्हणून मधलं झुंबर तेवढं पुन्हा बंद केलं.

मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम करते. अप्पांना वाचनाचा फारसा नाद नाही. पण एक दिवस नणंदेनं मला फोन केला. "वहिनी, दुपारचं त्यांना तुमच्याकडं घ्या की. मला निवांत फ्रिज उघडू दे." अशा रीतीनं अप्पा आमचे बाहेरचे वाचक झाले. पहिल्याच दिवशी मी त्यांना "या अप्पा" म्हटलं, तर त्यांनी मला बाजूला घेऊन बजावलं, "हितं नातं न्हाय. हितं तुमी म्याडम." दुपारी एक ते चार आमच्याकडे मौनाची वेळ असते, त्यामुळे 'साकु' तोंडानं म्हणता येईना. मग अप्पा ते हाताचा तळवा वर करून म्हणू लागले. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये मुलं लांब लांब एकेकटी बसत आणि प्रत्येकाच्या डोक्यावर एक पंखा असे. अप्पा जवळ जात, तळवा दाखवत, पंखा बंद करत आणि मुलाची पुस्तकं स्वतः उचलून मधल्या टेबलाकडे चालू लागत. मुलगा मुकाट मागून जाई. आठवड्याभरात सगळा हॉल मधल्या पंख्यांखाली गोळा झाला. एकानं हुशारी करून लांबच्या पंख्याखाली जागा धरायला पिशवी ठेवली, तर अप्पांनी ती पिशवीही आणून गर्दीत बसवली. "पिशवीला उकडतं व्हय?" हे मात्र त्यांनी मला दाराबाहेर येऊन विचारलं. मुलांनी तक्रार केली नाही. बार्शीचा मुलगा आणि माढ्याची मुलगी वर्षभर एकाच परीक्षेचा अभ्यास दोन टोकांना बसून करत होती, ती आता एकमेकांची टिपणं वाचू लागली.

ही मुलं शहरात पत्र्याच्या खोल्या भाड्यानं घेऊन राहतात. उन्हाळ्यात दुपारी त्या खोलीत माणूस बसू शकत नाही, अभ्यास तर लांबच. जाड पडदे ओढलेला आमचा हॉल हीच त्यांची सावली. पडद्यांमुळे आत अंधार, म्हणून दिवे लागतात. आणि मागच्या वर्षी वीज वाचवण्यासाठी त्या दिव्यांना यंत्रं बसली. खाली माणूस हलला की दिवा लागतो, हालचाल थांबली की विझतो. ती बसली त्या दिवशी अप्पांनी यंत्राला हात जोडले. "माझ्यापेक्षा हुशार हाय," म्हणाले.

पण अभ्यास करणारा माणूस हलत नाही, हे यंत्र बसवणाऱ्यांच्या लक्षात आलं नव्हतं. पोरगं गणितात बुडालं की वरचा दिवा जायचा, मग ते हात हलवायचं. हेही चालून गेलं असतं, पण महिन्याभरानं विद्यापीठाच्या कार्यालयातून साहेबांचा फोन आला. दुपारी आमचे दिवे बहुतेक वेळ बंद असतात असं यंत्र सांगतं. म्हणजे हॉल रिकामा असतो. तेव्हा उन्हाळ्यात दुपारी तो बंदच ठेवू. हॉल भरलेला असतो असं मी परोपरीनं सांगितलं. "मॅडम, यंत्र कशाला खोटं बोलेल?" असं उत्तर मिळालं. एकदा बघून जातो, एवढं मात्र साहेबांनी कबूल केलं.

मी हे अप्पांना चहाच्या टपरीवर सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला. "म्हंजी दिवा गेला की पोरगं न्हाय, असं?"

"असं."

"यिऊ द्या सायबाला."

साहेब आले त्या दुपारी अप्पांनी हॉलभर तळवा दाखवला. कुणी हलायचं नाही. दिवे एकेक करून विझले. साहेब आत आले आणि भरलेल्या हॉलमध्ये फक्त त्यांच्या डोक्यावर उजेड पडला, कारण एवढ्या माणसांत हलणारे ते एकटेच होते. "हे सगळे अंधारात का बसलेत?" त्यांनी मला विचारलं. मी उत्तर द्यायच्या आत अप्पांनी पहिल्यांदा आणि शेवटचं मौन मोडलं. "अब्यास करत्यात सायेब. म्हणून तुमच्या यंत्राला दिसंना झालेत."

हॉल बंद झाला नाही. यंत्रंही निघाली नाहीत; ती काढायला बैठक लागते आणि ती अजून व्हायची आहे. मग दुसऱ्या दिवसापासून अप्पा हातात घडी घातलेला पेपर घेऊन टेबलांमधून फिरू लागले. एका दिव्याखालून दुसऱ्या दिव्याखाली, संथपणे, एक ते चार. एरवी बटणं बंद करत फिरणारा माणूस दिवे विझू नयेत म्हणून चालत होता. मी एकदा बाहेर त्यांना छेडलं, "अप्पा, वीज जळते की." ते म्हणाले, "जळू द्या. कुणी बसलंय की तितं."

यंदा त्यांच्या गुडघ्यांनीच साकु म्हटलं. आता ते घरीच असतात आणि नणंद पुन्हा घाईघाईनं फ्रिजचं दार लावते. रोज एक वाजायच्या आधी मला त्यांचा फोन येतो.

"कोण फिरतंय आज?"

"फिरतंय कुणीतरी."

"कोण पण?"

"अप्पा, मला काम आहे," म्हणून मी फोन ठेवते.

काम असतंच. तरी अधूनमधून उठते, हातात एखादं मासिक घेते, कपाटं तपासत असल्यासारखं दाखवते आणि टेबलांमधून चालते. परवा कोपऱ्यात रिकाम्या टेबलावर पंखा फिरत होता. जाता जाता बंद केला. जवळच बसलेल्या माढ्याच्या मुलीनं पुस्तकातून मान वर केली, हसली आणि हाताचा तळवा वर केला. तो दिव्यासाठी होता की माझ्यासाठी, हे मी विचारलं नाही. मौनाची वेळ होती.